पाच तासांची भरती

६ जानेवारी

प्रिय मामा,

काल आपल्या खाडीत पाणी सोडलं. दचकू नकोस, खाडी इथेच आहे, माझ्या शेडमध्ये, पत्र्याच्या छपराखाली. चार महिने आम्ही ती सिमेंटची घडवत होतो. लांबी-रुंदी दोनशे पट लहान, खोली मात्र चाळीसच पट लहान, नाहीतर पाण्याऐवजी नुसता ओलावा उरला असता. तुझा धक्का हातभर लांब आहे. वस्तीच्या किनाऱ्याला मी खरी बारीक वाळू पसरली आहे आणि तिथे काड्यापेटीचं एक घर ठेवलं आहे. कोणाचं ते ओळख. साहेबांनी विचारलं, "हे नकाशात आहे का?" मी म्हटलं, "माझ्या नकाशात आहे."

समुद्राच्या टोकाला एक दार आहे, ते वरखाली झालं की भरती-ओहोटी होते. तुझ्याकडे बारा तासांहून जास्त लागतात, माझ्याकडे चोवीस मिनिटं. सकाळच्या चहाआधी माझी दोन उधाणं होऊन जातात!

आता कामाचं. तुमच्या मुखाशी लाटा अडवणारा बांध कुठून काढायचा, दक्षिणेकडून की उत्तरेकडून, हे या मॉडेलवर ठरणार आहे. बंदर खात्याचा नकाशा दक्षिणेचा आहे. पण तो बांध तपासण्याआधी मॉडेल खरं आहे हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे खाडीत खरोखर होऊन गेलेला एखादा दिवस इथे पुन्हा घडवायचा, आणि तेव्हा पाणी जसं चढलं तसंच इथे चढतं का ते पाहायचं. असा दिवस आमच्याकडे एकच आहे. सव्वीस वर्षांपूर्वी सर्वेक्षणाच्या होड्यांनी उधाणाच्या दिवशी खाडीत पाच ठिकाणी प्रवाह मोजले होते, आणि त्याच दिवशी धक्क्यावर तू दर तासाला भरतीची पट्टी वाचत होतास. तुझ्या अक्षरातलं ते पान माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. साहेब म्हणाले, "अक्षर छापल्यासारखं आहे, कोण हा माणूस?" मी छाती फुगवून म्हटलं, "माझा मामा." तर म्हणतात, "नातेवाईक म्हणून सूट मिळणार नाही."

एक छोटीशी अडचण आहे. बाकी दिवस जुळतो, फक्त दुपारचे काही आकडे हटतात, दोनला तर माझं पाणी तुझ्या आकड्यापेक्षा सात मिलिमीटर खाली राहतं. खऱ्या खाडीत ते जवळजवळ तीस सेंटिमीटर होतात. चूक माझ्या सिमेंटची असणार. तळाची खडी कमीजास्त करून बघते.

त्या पानावरची तारीख बघून हिशेब केला, मी तेव्हा पाच वर्षांची होते. त्या वयातलं मला एकच आठवतं. उंच छत, हळू फिरणारा पंखा, आणि तू रडतोयस. आई म्हणते, स्वप्न पडलं असेल, मामा रडत नाही, भाषण करतो.

तुझी,
टिचू


१४ जानेवारी

चि. टिचूस,

टीचभर होतीस म्हणून टिचू नाव ठेवलं, आता टीचभर समुद्र सांभाळतेस! पत्र धक्क्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. आपला होडीवाला भोंगा म्हणाला, "मास्तर, चोवीस मिनिटांत भरती-ओहोटी होत असेल तर मासे कधी पकडायचे?" त्याच्या आवाजाने बगळे उडाले.

पण पोरी, हसून झालं की मला राग येतो. मुखाशी वाळूचा तो दांडा आहे ना, त्याच्यावर गेल्या हंगामात तीन होड्या फुटल्या. भोंग्याचा धाकटा भाऊ अजून कुबडी घेऊन चालतो. चौदा वर्षं मी अर्ज लिहितोय, मोर्चे नेतोय, टेबलावर मूठ आपटतोय. प्रत्येक साहेब म्हणतो, विषय विचाराधीन आहे. अरे, विचार करताय की अंडी उबवताय? माणूस बुडाल्याशिवाय कागद हलू नये असा काही नियम आहे काय? उपाशी माणसाने धीर धरावा, हे भरल्या पोटाने सांगायला काय जातं! मी वस्तीला शब्द दिलाय की यंदा बांधाचा निर्णय होणार, कारण आता तिथे आपली मुलगी बसली आहे. दक्षिणेकडून काढा नाहीतर आभाळातून सोडा, पण बांध येऊ दे.

तेव्हा त्या सात मिलिमीटरचं काय घेऊन बसलीस? त्या दिवशी ऊन मरणाचं होतं, पाण्यावर डोळे दिपत होते. जुनं पान आहे. एवढं मनावर घेऊ नकोस. तुझ्या सिमेंटलाच थोडं घास.

आणि पंखा तुला स्वप्नातच दिसला असेल. तुझी आई बरोबर सांगते.

तिला म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा.

मामा


२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

जुळलं! खडी चिकटवून, काढून, पुन्हा चिकटवून हात सोलपटले, पण शेवटी दोनचा आकडा तुझ्या आकड्यावर येऊन बसला. साहेबांनी पाठ थोपटली, म्हणजे पाठीच्या दिशेने मान हलवली. आता दक्षिणेचा बांध ठेवून बघितला तर वस्तीला काहीच धक्का लागत नाही. पंधरा मार्चला अहवाल जाईल. मार्चअखेर शेडही रिकामी करायची आहे, एका धरणाच्या सांडव्याचं मॉडेल रांगेत उभं आहे. माझी खाडी फोडतील आणि तिथे धरण बांधतील.

मग मी आनंदाने नाचत का नाही, ते सांगते. खडीने काही जमेना, तेव्हा मी शेवटी काय केलं, धक्क्यामागचं खाजण विटांनी बंद केलं. तेच, वस्तीच्या वरच्या अंगाचं चिखलाचं मैदान, जिथे आपण खेकडे धरायचो. तिथे पाणी शिरलंच नाही तर ते सगळं धक्क्यापाशी चढतं, आणि तुझे आकडे बरोबर येतात. साहेब म्हणाले, "त्या काळी मैदानाला मातीचा बांध असेल." नकाशात तर नाही. मला तिथे गुडघाभर पाणी आठवतं, आणि तू मला खांद्यावर घेतलेलं.

एवढंच सांग मामा, तेव्हा उधाणाचं पाणी खाजणात शिरायचं की नाही? एका ओळीत उत्तर दे. भाषण नको.

टिचू


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

अठरा दिवस झाले. तू एका ओळीचं उत्तर द्यायला अठरा दिवस लावतोस, हे या पृथ्वीवर पहिल्यांदाच घडत असेल. आईने पोस्टमनला दोनदा दम दिला, त्या बिचाऱ्याची काय चूक?

रविवारी मी शेडमध्ये एकटी गेले आणि खाजणापुढच्या विटा काढल्या. दक्षिणेचा बांध तसाच ठेवला. पाण्यावर कागदाचे कपटे टाकले, म्हणजे प्रवाह डोळ्यांना दिसतो. भरतीला पाणी खाजणात पसरलं. ओहोटीला ते सगळं मैदानभर पाणी एकदम माघारी निघालं. आज ते मुखातून सरळ बाहेर जातं. बांधाने ती वाट अडवली, तसं ते वळलं आणि वस्तीच्या किनाऱ्याला जाऊन भिडलं. कपटे कसे धावत होते ते तू बघायला हवं होतंस. पहिल्या ओहोटीला वाळू थोडी खचली. तिसरीला होड्या ओढून ठेवायची जागा गेली. पाचव्या ओहोटीला काड्यापेटी कलली आणि वाहून गेली. मी पाण्यात हात घालून ती उचलली. तुझं घर होतं ते. माझंही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवलं. ते वाईट माणूस नाहीत, पण नियमाचे पक्के. म्हणाले, "विटा काढल्या की मॉडेल त्या दिवसाशी जुळत नाही. जुळत नाही ते सिद्ध नाही, आणि सिद्ध नसलेलं मॉडेल म्हणजे नुसता सिमेंटचा हौद. कागद एक सांगतोय, तुझं पाणी दुसरं. मी कागद धरून सही करणार."

तो कागद तुझा आहे, मामा. सर्वेक्षणातलं बाकी सगळं, होड्यांनी मोजलेले पाचही प्रवाह, विटा काढल्या की नीट जुळतात. फक्त अकरा ते तीन हे तुझे पाच आकडे जुळत नाहीत. मी लहानपणी अंक तुझ्या पट्टीवर शिकले. शाळेत बाईंनी एक ते दहा म्हणायला सांगितलं तर मी पट्टीसारखं वरून खाली, दहा ते एक म्हणाले होते. जगातल्या कुठल्याही आकड्यावर शंका घेईन, पण तुझ्या आकड्यावर घ्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

रागावू नकोस. त्या दिवशी दुपारी तू पट्टी स्वतः वाचलीस ना?

टिचू


२७ फेब्रुवारी

चि. टिचूस,

नाही वाचली.

चार वेळा पत्र लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं. सभेत हजार माणसांपुढे ज्याची जीभ अडखळत नाही, त्याला तुझ्यापुढे एक शब्द लिहिता येईना. आता लिहितो ते एका दमात, मध्ये थांबलो तर पुन्हा फाडीन.

त्या दिवशी सर्वेक्षणाच्या होड्या खाडीच्या मधोमध होत्या, धक्क्यावर आपण दोघंच. तुझे वडील जाऊन वर्ष झालं होतं. तुझी आई जाळ्यांच्या कारखान्यात सकाळी जायची ती संध्याकाळी यायची आणि तुला माझ्याकडे सोडायची. तू तिसऱ्या पायरीवर बसायचीस, चौथीवर पाय ठेवायचा नाही असा आपला करार होता. दहाचा आकडा मी वाचला. मग एका होडीवाल्याने काहीतरी विचारलं म्हणून त्याच्याशी बोलायला लागलो. बोलायला लागलो की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. बांधाबद्दलच बोलत होतो. पंधरा मिनिटं बोललो असेन. होडीवाला निघून गेला, मी मागे वळलो तर पायरीवर तू नव्हतीस. तुझी एक चप्पल पाण्यावर तरंगत होती, लाल पट्ट्याची.

उडी मारली. दुसऱ्या बुडीला तुझे केस हाताला लागले. वर काढलं तेव्हा तू निळी पडली होतीस. खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळालो. डॉक्टरांनी पाणी काढलं, श्वास सुरू झाला, पण तू डोळे उघडेनास. उंच छताची खोली होती, पंखा हळू फिरत होता. मी खाटेशी बसलो होतो. साडेतीनला तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "मामा, माझी चप्पल?" तेव्हा मी रडलो. तुला स्वप्न पडलं नव्हतं.

चारला तुला घेऊन धक्क्यावर आलो. तुझा फ्रॉक पट्टीच्या खांबावर वाळत टाकला. चारचा आकडा वाचला, तो खरा आहे. साडेचारला सर्वेक्षणाचा अधिकारी पान न्यायला येणार होता. अकरा, बारा, एक, दोन, तीन, पाच रकाने कोरे. कोरे दिसले असते तर त्याने विचारलं असतं. मग वस्तीने विचारलं असतं, मग तुझ्या आईने. आणि तिने तुला पुन्हा माझ्याकडे सोडलं नसतं. ते बरोबरच झालं असतं. पण टिचू, मला मूलबाळ नाही, तुझी मामी लवकर गेली. सकाळी तू पायरीवर येऊन बसायचीस तेव्हा माझा दिवस सुरू व्हायचा. तू उद्याही येऊन बसावीस, एवढ्यासाठी मी ते पाच आकडे मनाने लिहिले.

आता तुझ्या प्रश्नाचं एका ओळीचं उत्तर. होय, उधाणाचं पाणी खाजणात शिरतं. तेव्हाही शिरायचं, आजही शिरतं. दुपारी दीडच्या आसपास ते मैदानावर पसरायला लागलं की धक्क्यापाशी चढायचं थांबतं. वीस-पंचवीस मिनिटं हलत नाही. आम्ही म्हणतो, पाणी दम खातंय. होडीवाले तेवढ्यात चहा पिऊन घेतात. हे मी वहीत शेकडो वेळा उतरवलंय. आणि त्या दिवशी, तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस, तेव्हा ते मला आठवलंच नाही. जिना चढावा तसे एकसारखे आकडे चढवले. किती सुंदर दिसत होतं पान! त्या अधिकाऱ्याने अक्षराचं कौतुक केलं होतं.

तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला पाण्याची भीती बसेल असं वाटलं. भीती बसली नाही. तू पाण्याचीच झालीस.

सरकारी कागद खोटे असतात, हे चौदा वर्षं मी घसा फोडून सांगतोय. आणि ज्या कागदापायी माझी वस्ती वाहून जाणार, तो माझ्याच अक्षरात आहे. "दक्षिणेकडून काढा नाहीतर आभाळातून सोडा" असं मीच तुला लिहिलं होतं. ते वाक्य परत घेतो.

हे पत्र साहेबांना दाखव. मामाची अब्रू म्हणून लपवलंस तर मी स्वतः तिथे येऊन सांगेन. पत्र्याच्या पेटीतल्या माझ्या वह्यांच्या दुसऱ्या प्रती सोबत पाठवतोय, चौतीस वर्षांच्या. त्यात तेवढं एकच पान खोटं आहे. पण हे मी म्हणून काय उपयोग?

मामा


८ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र शेडमध्ये वाचलं. समोर चोवीस मिनिटांचं उधाण चालू होतं. वाचून झालं तेव्हा ओहोटी लागली होती, आणि मी त्या हातभर धक्क्यावर तिसरी पायरी शोधत होते. पायऱ्या मी मॉडेलमध्ये केल्याच नाहीत, एवढ्या बारीक होत नाहीत.

तुझ्यावर रागावू कशी, तेच कळत नाही. रागावण्यासाठी मी जिवंत आहे ती तुझ्यामुळे. पण थोडी रागावले आहे, खरं सांगते. पडण्याबद्दल नाही. सव्वीस वर्षं तू हे एकट्याने वागवलंस याबद्दल. मला चप्पल तरी नवी आणली होतीस का?

पत्र साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि मला ज्याची धास्ती होती तेच बोलले. "ज्याने पाच आकडे मनाने लिहिले, त्याचे बाकीचे मी कोणत्या आधारावर धरू?" मी तुझ्या वह्या उघडल्या आणि त्या दिवसासारख्याच मोठ्या उधाणांच्या तारखा काढत बसले. पाच दिवस लागले. पाणी खाजणात चढेल एवढी मोठी अशी दोनशे अकरा उधाणं निघाली. प्रत्येक वेळी दोनचा आकडा मागे रेंगाळतो. पावसात, थंडीत, तू तापाने फणफणला होतास त्या आठवड्यात, मामी गेली त्या महिन्यात. दोनशे दहा दिवस पाणी दम खातं. एकाच दिवशी खात नाही.

ते सगळं एका मोठ्या कागदावर काढून साहेबांच्या टेबलावर पसरलं. मी म्हटलं, "खोटं लिहायची सवय असती तर हे दोनशे दहा दिवस असे दिसले नसते. ज्याला यातलं शास्त्र माहीत नाही त्याने ते फक्त डोळ्यांनी पाहून लिहिलं आहे." त्यांनी बोट ठेवून एकेक दिवस तपासला. मग म्हणाले, "आकडे पाहिले. आता पाणी पाहीन." सोळा मार्चला मोठं उधाण आहे. ते स्वतः धक्क्यावर येत आहेत. पट्टी ते वाचणार, तू नाही. माझं मॉडेल सांगतं की पाणी सत्तेचाळीस सेकंद थांबेल, म्हणजे तुमच्याकडे पंचवीस मिनिटं. थांबलं तर ते पाच आकडे रद्द होतील आणि मॉडेल विटांशिवाय सिद्ध धरतील. अहवाल तोवर अडवून ठेवला आहे.

उत्तरेकडून बांध काढून मी गुपचूप बघून ठेवलं आहे. पाणी सरळ निघून जातं. काड्यापेटी दहा ओहोट्या जागची हलली नाही. पण नवा नकाशा, नव्या चाचण्या, म्हणजे बांध वर्षभर लांबणार. हे वस्तीला तुलाच सांगावं लागेल. तू शब्द दिला होतास, आणि तो मी मोडते आहे.

तुझं पत्र आईने माझ्या हातातून काढून घेतलं. खालच्या ओळी तिच्या.

दादा,

मला त्याच दिवशी कळलं होतं. संध्याकाळी घ्यायला आले तर पोरीचा फ्रॉक उलटा घातलेला. तू आयुष्यात कधी तिची वेणी वाकडी घातली नाहीस, तो फ्रॉक उलटा घालशील? पापा घेतला तर केस खारट लागले. रस्त्यात दवाखान्यातली बाई भेटली, तिने पोरीची चौकशी केली. मी तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. रात्रभर तुझ्या नावाने बोटं मोडली. सकाळी उठून तिची वेणी घातली आणि तिला पुन्हा तुझ्याकडेच सोडलं. माझं उत्तर तेवढंच होतं. तुला ते समजलं असेल असं धरून चालले, कारण तू शहाणा आहेस असं लोक म्हणतात.

दुसऱ्या दिवशीपासून तू पायरीला दोरी बांधलीस, तीही मी पाहिली होती.

आता रडत बसू नकोस. साहेब येतोय तर दाढी कर.

तुझी धाकटी


१७ मार्च

चि. टिचूस,

चप्पल त्याच संध्याकाळी आणली होती. तीही लाल पट्ट्याची. तू विसरलीस.

आईला सांग, दाढी केली होती. आणि सांग की दादा गाढव आहे. सव्वीस वर्षं मी तिच्यासमोर बसून जेवताना मनात तो दिवस घोळवायचो, आणि ती समोर बसून वाढत होती! एवढं सोप्पं उत्तर मला वाचता आलं नाही, आणि म्हणे पट्टी वाचतो.

काल साहेब आले. डोक्यावर टोपी, हातात थर्मास, बरोबर स्वतःची घडी घालायची खुर्ची. मला म्हणाले, "तुम्ही माझ्या मागे उभे राहायचं. आकडा बोलायचा नाही, खोकायचंसुद्धा नाही." दहापासून दर पाच मिनिटांनी ते वाचायचे आणि लिहायचे. सगळी वस्ती धक्क्यावर. भोंगा कुजबुजला ते पलीकडच्या काठावर ऐकू गेलं, "मास्तर गप्प उभे आहेत, बघून घ्या रे, पुन्हा दिसणार नाही."

पाणी चढत होतं. बारा झाले, एक झाला. खाजणाच्या काठावर पाण्याची पहिली जीभ सरकताना मला दिसली, पण बोलायची बंदी! एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पाणी पट्टीवरच्या एका काळ्या रेघेला लागलं. दीडला साहेबांनी वाचलं, तीच रेघ. आणखी पाच मिनिटांनी, तीच रेघ. साहेब खुर्चीवरून उठले, पायऱ्या उतरले आणि तिसऱ्या पायरीवर उकिडवे बसले. मीही त्यांच्या मागोमाग दोन पायऱ्या खाली आलो. आजही कोणी त्या पायरीवर बसलं की येतो. भोंगा चहा घेऊन गेला, म्हणाला, "घ्या साहेब, आता थोडा वेळ पाणी कुठे जात नाही." साहेबांनी पट्टीवरची नजर न काढता कप धरला. तेवीस मिनिटं. मग पाणी रेघ सोडून वर निघालं. तुझ्या सत्तेचाळीस सेकंदांच्या हिशेबात दोन मिनिटं कमी पडली, ती मी माझ्याकडून माफ केली.

साहेब वर आले. "बाई बरोबर होत्या," एवढंच म्हणाले. बाई म्हणजे तू. माझ्यासाठी तू अजून टिचूच, पण ऐकून बरं वाटलं.

मग मी वस्तीशी बोललो. कधी नव्हे ते कागद न घेता. सांगितलं, सव्वीस वर्षांपूर्वी मी पाच आकडे खोटे लिहिले, का लिहिले तेही सांगितलं. त्या आकड्यांवर बांध आला असता तर पाच-सहा वर्षांत आपली घरं खाडीत गेली असती. आता तो उत्तरेकडून येईल, पण वर्ष लागेल, आणि तो उशीर माझ्या नावावर लिहा. भोंग्याचा भाऊ कुबडीवर रेलून उभा होता, मला वाटलं आता हा थुंकणार. तो म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी मीच तुम्हाला बोलण्यात गुंतवलं होतं. मी अठरा वर्षांचा होतो. निघून गेलो, मागे काय झालं ते मला आजच कळतंय." मग भोंगा म्हणाला, "चौदा वर्षं थांबलो, पंधरावं थांबू. पण मास्तर, भाषण फारच लहान झालं, तब्येत बरी आहे ना?" तेव्हा कुठे माणसं हसली. वर्षभरासाठी दांड्यावर दिव्याची दोन पिंपं तरंगती ठेवायचं साहेबांनी कबूल केलंय. लेखी घेतलं मी. एवढी सवय जात नाही.

जाताना साहेबांनी पिशवीतून एक पान काढलं. तुझ्या काचेखालचं. म्हणाले, "दुरुस्ती ज्याची त्याने करायची असते." धक्क्यावरच्या दगडावर ठेवून मी पाच आकड्यांवर रेघ मारली. सरळ आली. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, तो चौतीस वर्षांत मी फारसा वापरला नाही. काय लिहावं ते सुचेना. साहेब पाठ करून समुद्राकडे बघत उभे राहिले. भला माणूस आहे.

पान तुझ्याकडे येईलच, पण तू आधी माझ्याकडून वाच. अकरा ते तीन या रकान्यांसमोर मी लिहिलंय:

"वाचन केलेले नाही. भाची पाण्यात पडली होती. आता बरी आहे."

मामा